मंडालेचा राजवाडा, रत्नागिरीचा राजवाडा

वाचकहो, हा लेख मी गाझियाबादेस बसून लिहीत आहे. हे गाव राजवाड्यांसाठी प्रसिद्ध नाही. गावाजवळून हिंडन नदी वाहते. तिच्या काठी 1857 च्या मे महिन्याच्या 30 व 31 तारखांना मीरतेहून आलेली इंग्रज फौज आणि दिल्लीहून चालून आलेले बंडवाले शिपाई यांची लढाई झाली. ते शिपाई ज्याच्या नावाने लढत होते तो वृद्ध बादशहा बहादूरशहा जफर पुढे इंग्रजांच्या हाती सापडला आणि 1858 च्या ऑक्टोबरात त्याला दिल्लीबाहेर काढून ब्रह्मदेशात रंगून येथे नेण्यात आले. तेथेच 1862 साली त्याचा अंत झाला. ही कथा आपण शाळेत वाचलेली असते. परंतु याच रस्त्याने उलट दिशेने आणलेला एक राजा आपल्या कोकणात तीस वर्षे राहिला व तेथेच मातीआड झाला, याची आठवण महाराष्ट्राबाहेर फार थोड्यांना असेल.

त्या राजाचे नाव थिबा. त्याची राजधानी मंडाले. आपण मराठी माणसे मंडाले हा शब्द उच्चारताच लोकमान्यांचा तुरुंग डोळ्यांपुढे आणतो. पण तो तुरुंग ज्या तटबंदीच्या आत होता, ती तटबंदी मुळात एका राजवाड्याची होती, हे आपल्या ध्यानी राहत नाही. यास्तव प्रथम तुम्हांस तेथे घेऊन जातो.

थिबाचा पिता मिंडॉन याने हे शहर 1857 सालीच वसविले. जुनी राजधानी अमरापुर जवळच होती. तेथील सागवानी राजवाडा मोडून त्याचे खांब, तुळया व कोरीव फळ्या हत्तींकडून नव्या जागी वाहून आणल्या आणि पुन्हा उभारल्या. लाकडी वास्तूची ही एक सोय असते. राजधानी बदलली की राजवाडाही मागोमाग जातो. नव्या नगराचा किल्ला अगदी चौरस, एकेक बाजू दोन किलोमीटरांहून अधिक लांब, भोवती रुंद खंदक, आणि प्रत्येक बाजूस तीन याप्रमाणे एकूण बारा दरवाजे. मध्यभागी सिंहासनाच्या दालनावर सात मजल्यांचे निमुळते होत गेलेले सोनेरी शिखर. ब्रह्मी लोकांच्या समजुतीप्रमाणे ते शिखर म्हणजे विश्वाचा मध्यबिंदू.

आज तुम्ही तेथे गेलात तर जे दिसते ते मूळचे नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. 1945 च्या मार्च महिन्यात दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत सारा सागवानी राजवाडा जळून गेला. टेहळणीचा उंच मनोरा आणि टांकसाळ एवढेच वाचले. सध्याच्या इमारती 1989 नंतर नव्याने उभारलेल्या आहेत. त्यांत सिमेंट आहे, पत्रे आहेत, आणि दुरून त्या शोभिवंत दिसतात. जवळ गेल्यावर मन थोडे उदास होते. खरे लाकूड पाहावयाचे असेल तर तटाबाहेर श्वेनंदॉ नावाच्या मठात जावे. हा मठ म्हणजे राजवाड्याचाच एक भाग. मिंडॉनने याच दालनात 1878 साली प्राण सोडला. वडिलांच्या मृत्यूची ती जागा थिबास नकोशी झाली असावी. त्याने ते दालन सोडवून घेतले आणि तटाबाहेर भिक्षूंसाठी मठ म्हणून पुन्हा उभे केले. राजाने जे दूर लोटले तेवढेच आगीतून वाचले. काळवंडलेल्या सागवानावर जातककथांचे कोरीव काम आहे, आणि एके काळी त्यावर आतून बाहेरून सोन्याचा मुलामा होता.

त्याच परिसरात कुथोडॉ नावाचा पॅगोडा आहे. तेथे संगमरवराच्या 729 शिळांवर संपूर्ण पाली त्रिपिटक कोरून ठेवले असून प्रत्येक शिळेवर लहानसे पांढरे देऊळ बांधलेले आहे. मिंडॉनचा हा उद्योग 1868 साली पुरा झाला. आपल्याकडे पोथ्या भूर्जपत्रांवर लिहिल्या आणि वाळवीने खाल्ल्या. या राजाने वाळवीचा प्रश्नच मिटविला!

थिबा हा मिंडॉनच्या अनेक पुत्रांपैकी एक. तरुणपणी तो मठात राहून पाली शिकला आणि धर्मग्रंथांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. त्याच्या हातून राज्य न होता पांडित्यच होते तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. एकोणिसाव्या वर्षी, 1878 साली, तो गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी राजघराण्यातील कित्येक भाऊबंदांची राजवाड्यात कत्तल झाली. ही कत्तल त्याने स्वतः घडविली की त्याची राणी सुपयालत व तिची आई यांनी, याविषयी इतिहासकार वाद घालतात. पण रक्त त्याच्या कारकिर्दीत सांडले. तेव्हा या राजाकडे करुणेने पाहताना हेही विसरू नये.

त्याचे राज्य मात्र त्या पापामुळे गेले नाही. ते गेले सागवानामुळे. मुंबईच्या बॉम्बे बर्मा कंपनीने ब्रह्मदेशातील जंगलांतून ठरल्याहून अधिक ओंडके नेले व त्यांवरील रक्कम बुडविली, असा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने 1885 साली तिला 23 लाख रुपयांचा दंड केला. फ्रेंचांचे वाढते वजन इंग्रजांना आधीच खुपत होते. दंडाचे निमित्त झाले. नोव्हेंबरात इंग्रजी बोटी इरावती नदीतून वर निघाल्या आणि दोन आठवड्यांत मंडालेस पोहोचल्या. मनोऱ्यावर चढून राणी सुपयालतने त्या येताना पाहिल्या, असे सांगतात. 29 नोव्हेंबर 1885 रोजी राजा, राणी सुपयालत आणि धाकटी राणी सुपयागले यांना नदीकाठी नेऊन आगबोटीवर चढविले. 1 जानेवारी 1886 रोजी उरलेला ब्रह्मदेश इंग्रजी राज्यास जोडण्यात आला. रंगूनहून मद्रास, आणि मद्रासेहून त्याच वर्षी एप्रिलात रत्नागिरी.

रत्नागिरीच का? त्या काळी तेथे रेल्वे नव्हती. ती यावयास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, आणि पावसाळ्यात बोटी बंद. कैद्यास ठेवावयास याहून सोयीची जागा कोणती? पुढे 1924 साली सावरकरांनाही स्थानबद्ध करताना सरकारला हेच गाव आठवले, यात नवल नाही.

पहिली चोवीस वर्षे हे कुटुंब भाड्याच्या बंगल्यांसारख्या जागांत राहिले. चार मुली झाल्या, त्यांपैकी दोघींचा जन्म मंडालेस, तिसरीचा मद्रासेस आणि धाकटीचा रत्नागिरीस. मिळणारा तनखा पुरेना. मंडालेहून आणलेली माणके एकेक करून विकली गेली. अखेर 1910 साली सरकारने टेकडीवर नवा वाडा बांधून दिला. त्यालाच आपण थिबा पॅलेस म्हणतो. तुम्ही रत्नागिरीस गेलात तर आंबा खाऊन परत फिरू नका, टेकडीवर जाच. लाल विटा व जांभा दगड यांची ती भव्य इमारत, उतरती छपरे, आणि कोरीव लाकडाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी समुद्रास मिळताना दिसते. वाड्यात आता राज्य पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. खोल्यांतून फिरताना मनात येते की हे घर बांधताना इंजिनिअर ब्रह्मी थाटाची नक्कल करू पाहत होता. परंतु त्या घरात राहावयास आलेला माणूस सात मजल्यांच्या सोनेरी शिखराखाली बसलेला होता.

आता पाहा, कालाचा योगायोग कसा आहे तो. ज्या हिवाळ्यात मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात राहावयास गेला, त्याच 1910–11 च्या हिवाळ्यात रत्नागिरीस जन्मलेला एक कैदी मंडालेच्या तटाआड, राजाच्याच जुन्या आवारात, शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होता. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन लोकमान्य टिळक तेथे गेले आणि जून 1914 मध्ये सुटले. उन्हाळ्यात अंगाची लाही करणारी ती लाकडी खोली. तिथे त्यांनी जर्मन, फ्रेंच व पालीचाही अभ्यास केला. पाली शिकलेला राजा कोकणात आणि पाली शिकणारा कोकणस्थ मंडालेत! त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई 1912 साली पुण्यास वारल्या. त्याच साली इकडे रत्नागिरीस धाकटी राणी सुपयागले वारली. एकाने दुसऱ्याला कधी पाहिले नाही. सरकारने दोन माणसांची गावे मात्र अदलाबदल करून ठेवली होती.

थिबा 1916 च्या डिसेंबरात वारला. त्याचे दफन लागलीच झाले नाही. देह मायदेशी नेता यावा अशी राणीची इच्छा होती आणि सरकार त्यास तयार नव्हते. अखेर 1919 साली राजा व धाकटी राणी यांचे अवशेष रत्नागिरीसच थडग्यांत ठेवण्यात आले. राणी सुपयालत त्याच वर्षी ब्रह्मदेशास परतली, पण मंडालेस नव्हे, रंगूनला. तेथे ती 1925 साली वारली आणि श्वेडगॉन पॅगोड्याच्या पायथ्याशी तिची समाधी आहे. नवरा रत्नागिरीस, बायको रंगूनला. मध्ये सारा बंगालचा उपसागर आणि अर्धा हिंदुस्थान.

थोरल्या राजकन्येची कथा रत्नागिरीत अजून दबक्या आवाजात सांगितली जाते. वाड्याच्या चाकरीतील एका विवाहित मराठी गृहस्थावर तिचा जीव जडला. त्याच्यापासून तिला 1906 साली मुलगी झाली. आईबहिणींबरोबर ती ब्रह्मदेशास गेली खरी, परंतु थोड्याच काळात मुलीला घेऊन परत आली, आणि 1947 साली रत्नागिरीसच गरिबीत तिचे निधन झाले. जिने कोरीव पालखीतून फिरावे तिने कौलारू घरात दिवस काढले. तिची ही मुलगी, थिबा राजाची नात, रत्नागिरीतच लग्न करून राहिली. तिचे बोलणे मराठी, तिचा संसार मराठी. शेणाच्या गोवऱ्या थापून तिने मुलांना वाढविले. आजोबांच्या वाड्यासमोरून जाताना तिला काय वाटत असेल, हे कोणी विचारले असते तरी तिने सांगितले असते की नाही कोण जाणे. वाड्याची मालकी सरकारची; नात आपल्या घरी.

मंडालेची माणके कुठे गेली, हाही एक न संपणारा विषय आहे. राजवाड्यातील सिंहासन मात्र परत मिळाले. ते काही काळ कलकत्त्याच्या संग्रहालयात होते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर 1948 साली ते परत देण्यात आले. राजाचे अवशेष मात्र कोणी मागितले तरी अद्याप हलविलेले नाहीत.

मंडालेचा प्रवास सध्या कोणास सुचवावा असा नाही. 2021 पासून त्या देशात यादवी माजली आहे, आणि 28 मार्च 2025 च्या भूकंपाने मंडालेतील पुष्कळ पॅगोडे व तटबंदीचे भाग कोसळले. रत्नागिरीस जाणे मात्र केव्हाही शक्य आहे. वाडा पाहिला की थडग्यांकडेही जावे. रस्ता विचारावा लागतो, पण गावातील माणसे ‘थिबा राजाची समाधी’ म्हटले की हात करून दाखवितात. कुंपणाच्या आत साधी, चिरेबंदी बांधणीची थडगी आहेत. सोने नाही, शिखर नाही. 2012 च्या मे महिन्यात आपले पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी रंगूनला बहादूरशहाच्या दर्ग्यास भेट दिली. त्याच वर्षी डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस आले आणि त्यांनी या थडग्यांपुढे मस्तक नमविले.