गोधडीची घडण, लेखांक 6 : कोरे कापड आधी का धुवावे

गोधडीचे कापड पूर्वी कोरे नसे. बारामती-इंदापूर भागात वाकळ या नावानेही ओळखली जाणारी ही पांघरायची वस्तू विरलेली लुगडी, धोतरे आणि अंगरखे यांच्या थरांतून तयार होई. शिवायला बसेपर्यंत ते कापड कित्येक वर्षे घाटावर आपटून, पिळून, उन्हात वाळून मऊ झालेले असे. त्यातली खळ केव्हाच गेलेली असे आणि सुटायचा तेवढा रंगही सुटलेला असे. आज मात्र दुकानातले कटपीस, मांजरपाट, पॉपलीन आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांतली कात्रणे गोधडीत जातात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत तर हायटेक टेक्स्टाईल पार्कच उभे आहे. हे कापड कोरे असते आणि गिरणीतली सगळी रसायने अंगावर घेऊनच घरी येते. रसायनांची अॅलर्जी असलेल्या माणसासाठी गोधडी शिवायची असेल, तर जुन्या कापडाला वर्षानुवर्षांच्या वापराने मिळालेली धुलाई नव्या कापडाला शिवण्याआधीच द्यावी लागते.

कोऱ्या कापडात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली खळ. मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा कृत्रिम खळ चढवतात, आणि विक्रीआधी कापड कडक व भरदार दिसावे म्हणून पुन्हा खळ देतात. दुसरा न बसलेला रंग. सुती कापडावरच्या रिअॅक्टिव्ह रंगाचा बराचसा भाग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो, उरलेला नुसता चिकटून राहतो. तिसरी गोष्ट सुरकुत्या पडू न देणारी राळ. ही प्रक्रिया अनेकदा फॉर्माल्डिहाइडपासून बनवलेल्या राळेने करतात. राळ सुताच्या रेणूंना एकमेकांशी बांधून ठेवते, म्हणून कापड चुरगळत नाही. पण तिच्यातून थोडे फॉर्माल्डिहाइड सुटे राहते आणि दमट हवेत व घामात आणखी सुटत राहते. नव्या कापडाचा ठसका लागणारा वास काही वेळा त्याचाच असतो.

अशा कापडामुळे त्वचेला होणारा त्रास दोन प्रकारचा असतो. एक निव्वळ चुरचुर: खळीची खरखर, उरलेला साबण किंवा सोडा यांनी त्वचा लाल होते. कारण दूर झाले की ती बहुधा लवकर शमते. दुसरी खरी अॅलर्जी. शरीराने एखादा पदार्थ एकदा शत्रू म्हणून ओळखला, की पुढे त्याच्या अल्प मात्रेनेही खाज, पुरळ आणि पाणी सुटणारे फोड येतात. ही प्रतिक्रिया तत्काळ उठत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी दिसते. त्यामुळे रविवारी पांघरलेल्या गोधडीचा दोष मंगळवारच्या जेवणाला दिला जातो. नेमका पदार्थ शोधण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात: संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर लावून 48 तासांनी काढतात, आणि नंतर एक-दोन दिवसांनी त्वचा पुन्हा पाहतात. जर्मनीतील त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी 1895 मध्ये ही पद्धत मांडली.

लहान मुलांच्या कपड्यांबाबत जपानने हा प्रश्न लवकर ओळखला. तिथल्या 1973च्या कायद्याखाली दोन वर्षांखालील बाळांच्या कपड्यांत फॉर्माल्डिहाइड जवळपास आढळूच नये असा नियम आला, तर मोठ्यांच्या अंगालगतच्या कपड्यांसाठी दहा लाख भागांत 75 भाग ही मर्यादा ठरली. भारतात 1997 मध्ये 70 अॅझो रंगांवर बंदी आली, पण तिचे कारण कर्करोगाची भीती हे होते. बंदी नसलेला रंग अॅलर्जी करणार नाही असा तिचा अर्थ होत नाही.

धुण्याने सगळे जात नाही, हे आधी समजून घेतलेले बरे. खळ, सुटा रंग आणि मोकळे फॉर्माल्डिहाइड पाण्यात निघून जातात, त्यामुळे पहिल्या दोन धुण्यांत मोठा फरक पडतो. राळेत बांधलेले फॉर्माल्डिहाइड मात्र हळूहळूच सुटते. ज्याला त्याची अॅलर्जी सिद्ध झाली आहे, त्याच्यासाठी ‘इस्त्री नको’, ‘सुरकुत्या पडत नाहीत’ असे सांगून विकलेले कापड धुऊनही वापरू नये. पॉलिएस्टरचेही तसेच. त्याचे डिस्पर्स रंग धाग्याशी बंधाने जोडलेले नसतात, नुसते आत मुरलेले असतात. घामाने व घासण्याने ते त्वचेवर उतरतात. गडद निळ्या व काळ्या रंगछटा यात विशेष त्रासदायक ठरतात. म्हणून जुन्या सिंथेटिक साड्यांपेक्षा बिनरंगी मांजरपाट किंवा मलमल बरी.

बारामती आणि इंदापुरात या धुण्यात पाण्याचा प्रश्न मोठा आहे. नीरा डावा कालवा आणि उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी असूनही अनेक वस्त्यांवर धुणे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर होते, आणि बेसाल्ट खडकातले हे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. डाळ शिजायला वेळ लागतो, भांड्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, ही त्याची ओळख. जड पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. तो कापडात बसतो आणि धुतलेले कापडच अंगाला टोचू लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. तेवढे जड पाणी पिता येत असले, तरी साबणाने कापड धुवायला ते सोयीचे नसते.

यावर उपाय घरगुती आहे. बादलीभर पाण्यात धुण्याचा सोडा चमचाभर विरघळवून पाणी रात्रभर ठेवावे. कॅल्शियम तळाशी बसते. वरचे निवळ पाणी अलगद काढून घ्यावे. नुसते उकळून जडपणाचा एक भागच कमी होतो. पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी साठवता आले, तर शेवटच्या खळबळण्यासाठी त्याहून चांगले पाणी नाही. मात्र पहिल्या सरींचे पाणी छपरावरची धूळ घेऊन येते, ते सोडून द्यावे.

प्रत्यक्ष धुलाईचा क्रम असा. तुकड्यांच्या कडांना दशा निघू नयेत म्हणून मोठ्या तुकड्यांना कडेने कच्चा धावदोरा घालावा आणि बारीक कात्रणे जाळीच्या पिशवीत बांधावीत. लाल, निळे आणि काळे तुकडे वेगवेगळे करावेत. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे. खळीचा आणि सुट्या रंगाचा पहिला भाग त्यातच जातो. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, वास व रंग नसलेली धुण्याची पावडर मोजकीच घालून धुवावे. कापड मऊ करणारे सुगंधी द्रव, नीळ आणि चमक आणणारी पावडर टाळावी, कारण ही धुलाई रसायन काढण्यासाठी आहे, नवे चढवण्यासाठी नाही. नंतर पाणी निवळ दिसेपर्यंत किमान तीनदा खळबळावे. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ किंवा तुरटी घालण्याची रीत आहे, पण तयार कापडातला सुटा रंग त्याने बसत नाही. रिठा आणि शिकेकाई वनस्पतिजन्य असल्या, तरी प्रत्येकाच्या त्वचेला मानवतातच असे नाही.

काम झाले की नाही हे तपासता येते. ओले पांढरे फडके तुकड्यावर घासावे. त्यावर रंग उतरला तर आणखी एक धुणे हवे. कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. डाग निळा-काळा झाला तर स्टार्चची खळ अजून आहे. फॉर्माल्डिहाइडची मात्रा या परीक्षांनी कळत नाही, ती प्रयोगशाळेतच मोजावी लागते. शेवटी धुतलेला तुकडा ज्याच्यासाठी गोधडी शिवायची त्याच्या उशीवर चार-पाच रात्री ठेवावा. मागे कापडाने अंगावर फोड आले असतील, तर ही चाचणी डॉक्टरांना विचारूनच करावी.

आतल्या थरांनाही हेच नियम लागू असतात. ट्रंकेतल्या जुन्या लुगड्यांना डांबरगोळ्यांचा वास असेल, तर ती आधी काही दिवस उन्हा-वाऱ्यात टाकून मग धुवावीत. रंगीत दोऱ्याचा रंग सुटतो का ते ओल्या फडक्यावर पाहावे. शिवणारीलाच त्रास असेल, तर दाभण आणि अंगुस्तान यांवरच्या निकेलच्या मुलाम्याकडेही पाहावे, कारण निकेलची अॅलर्जी बरीच आढळते.

आधी धुण्याचा आणखी एक फायदा शिवणीला होतो. कोरे सुती कापड पहिल्या पाण्यात आटते आणि सगळे तुकडे सारखे आटत नाहीत. न धुता शिवलेल्या गोधडीच्या ठिगळांभोवती पहिल्या धुण्यातच चुण्या पडतात. आधी आटवून घेतलेले थर मात्र एकमेकांशी बेतशीर राहतात, आणि गोधडी पुढे कितीही वेळा धुतली तरी टाक्यांवर ताण येत नाही.