बातमी एकच, मापं दोन: फिल्मी गॉसिप आपल्या घरात काय शिकवतं?

फिल्मी मासिकं पूर्वी स्टेशनच्या बुकस्टॉलवर टांगलेली असायची. आता ती प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. टिटवाळ्याहून लोकलनं कल्याणला पोहोचेपर्यंत दहा बातम्या अंगठ्याखालून सरकतात. कुणाचं ब्रेकअप, कुणाचा तलाक, कुणाचं वजन वाढलं. आपण म्हणतो, टाइमपास आहे. पण या बातम्यांत पुरुषाला मोजायची पट्टी वेगळी आणि बाईला मोजायची वेगळी असते. तीच पट्टी पुढे मोहल्ल्यातल्या मुलींवर चालते, म्हणून ती ओळखायला शिकलं पाहिजे.

पहिली पट्टी वयाची. ऑक्टोबर १९७१ मध्ये मुंबईत नारी हिरा यांनी 'स्टारडस्ट' मासिक सुरू केलं. संपादक होत्या शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. पहिल्याच अंकात प्रश्न होता, राजेश खन्नानं गुपचूप लग्न केलंय का? म्हणजे पुरुषांवर लिहिलं जात नव्हतं असं नाही. पण पुरुषाच्या भानगडींनी त्याची क्रेझ वाढायची. मार्च १९७३ मध्ये राजेश खन्नानं डिंपल कपाडियाशी लग्न केलं. तो तिशीचा, तिला सोळावं पूर्ण व्हायचं होतं. लोकांना ती परीकथा वाटली. त्याच वर्षी तिचा 'बॉबी' गाजला, पण तिनं काम सोडलं आणि ती पडद्यावर परतली थेट १९८४ मध्ये. त्याचं काम मात्र चालूच राहिलं.

आता उलट उदाहरण घ्या. २०१८ मध्ये प्रियांका चोप्रानं आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान निक जोनसशी लग्न केलं. दोघंही सज्ञान, दोघंही कमावते. तरी न्यूयॉर्कच्या 'द कट' या वेबसाइटनं तिला चक्क फसवणूक करणारी ठरवलं. टीका झाल्यावर तो लेख काढून टाकावा लागला. म्हणजे हा रोग फक्त आपल्याकडचा नाही.

दुसरी पट्टी दोषाची. रेखाचे पती, दिल्लीचे उद्योजक मुकेश अगरवाल यांनी २ ऑक्टोबर १९९० रोजी आत्महत्या केली. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. माणूस का खचला हे कुणाला नीट माहीत नव्हतं, पण निकाल आधी लागला. 'शोटाइम' मासिकानं तिला 'ब्लॅक विडो' म्हटलं, म्हणजे आपल्याच नराला खाणारी कोळीण.

तीस वर्षांनी तेच घडलं. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत वांद्र्याच्या घरी मृत सापडला आणि चॅनेलांनी रिया चक्रवर्तीला गुन्हेगार ठरवून टाकलं. तिला 'काळी जादू करणारी'सुद्धा म्हटलं गेलं. सप्टेंबरमध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली आणि जवळपास महिनाभर ती भायखळ्याच्या तुरुंगात होती. मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२१ मध्ये अशा मीडिया ट्रायलवर कडक ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं मृत्यूच्या प्रकरणात क्लोजर रिपोर्ट दिला. पण पाच वर्षांत त्या मुलीचं जे गेलं, ते कोण परत देणार?

तिसरी पट्टी संसाराची, आणि इथे आपल्या समाजाचं लक्ष जास्त असतं. सानिया मिर्झा २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तिच्या नावावर सहा ग्रँड स्लॅम आहेत. तरी २०१६ च्या एका टीव्ही मुलाखतीत तिला विचारलं गेलं की सेटल कधी होणार, आई कधी होणार. तिनं शांतपणे विचारलं की जगात पहिली येणं म्हणजे सेटल होणं नाही का? मुलाखतकारानं तिथल्या तिथे माफी मागितली आणि पुरुष खेळाडूला हा प्रश्न विचारला नसता हे कबूल केलं. जानेवारी २०२४ मध्ये शोएब मलिकच्या नव्या निकाहची बातमी आली. सानियाच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं की हा खुला होता, म्हणजे वेगळं व्हायची मागणी तिच्याकडून झाली. शरियतनं बाईला दिलेला हा हक्क आहे. तरी कित्येकांच्या तोंडी वाक्य एकच होतं, 'त्यानं तिला सोडलं.' तिचा निर्णय वाक्यातून गायबच झाला.

हे असं का होतं? पुरुषाची ओळख कामावर ठरते, म्हणून त्याच्या भानगडी 'शौक' म्हणून खपतात. बाईची ओळख इज्जतीवर ठरते, म्हणून तिच्यावर शंका घेतली की बातमी लगेच विकली जाते. लिहिणाऱ्या बायका असल्या तरी धंद्याचं गणित तेच राहतं.

आपल्या दीननं हे गणित कधीच नाकारलंय. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानी, हेरगिरी आणि घीबत यांची मनाई आहे. सूरह नूर पाकदामन बाईवर तोहमत लावणाऱ्याकडे चार साक्षीदार मागते, आणि ते नसतील तर शिक्षा तोहमत लावणाऱ्याला सांगते. नजर खाली ठेवायचा हुकूमही त्याच सूरहमध्ये आधी पुरुषांना आहे, मग बायकांना. आपण मात्र दुसरा हुकूम पाठ करतो आणि पहिला विसरतो.

याची किंमत आपल्याच मुली देतात. 'अमक्याची पोरगी कल्याण स्टेशनवर कुणाशी तरी बोलत होती' एवढ्या एका वाक्यावर कॉलेज बंद होऊ शकतं. ज्याच्याशी ती बोलत होती, त्या मुलाचं कॉलेज मात्र चालू राहतं. चार साक्षीदार सोडाच, एकालाही कुणी काही विचारत नाही.

घरात एक साधी सवय लावता येईल. अशी बातमी कानावर आली की बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून ती मुलांसमोर पुन्हा वाचा. वाक्य हास्यास्पद वाटलं, तर दोष बाईत नाही, वाक्यात आहे. आणि ते वाक्य पुढे फॉरवर्ड करायचं की तिथेच थांबवायचं, हे तरी आपल्या हातात आहे.