जुनी जखम साफ करणारे एन्झाइमचे मलम

महिनाभर ड्रेसिंग करूनही जखम भरत नसेल, तर तिच्या तळाशी पिवळा चिकट थर आहे का ते पाहा. हा थर मृत पेशींचा असतो. तो निघेपर्यंत नवे लाल मांस नीट भरत नाही आणि जंतूंना आसरा मिळतो.

डॉक्टर हा थर कात्रीने काढतात. ते शक्य नसल्यास एन्झाइमचे मलम देतात. त्यातील कोलॅजिनेज मृत थराला जखमेशी बांधून ठेवणारे धागे तोडते, तर पपईच्या चिकातून मिळणारे पपेन मृत पेशींतील प्रथिने विरघळवते. काम हळू होते. काही दिवस ते काही आठवडे लागतात. सिल्व्हर किंवा आयोडीनच्या औषधाने कोलॅजिनेजचा परिणाम कमी होतो, म्हणून स्वतःहून दुसरे मलम लावू नका.

सुरगाण्यात भाताच्या आवणीला दिवसभर पाय चिखलात असतात. मधुमेह किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर असेल, तर जखम झालेली कळतही नाही. अशा जखमेवर परसातल्या कच्च्या पपईचा चीक लावू नका. तो निर्जंतुक नसतो, चांगली कातडीही सोलतो आणि ॲलर्जी होऊ शकते. तीव्र ॲलर्जीच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता नसलेली पपेनची मलमे बंद करायला लावली.

ताप, पसरणारी लाली, दुर्गंधी किंवा काळे पडलेले बोट दिसले, तर मलमावर थांबू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठा. साखर आटोक्यात ठेवा आणि जखमेवर भार देऊ नका. त्याशिवाय कोणतेही मलम पुरे पडत नाही.