तुमची डी.पी. किती मोटारी ओढेल?

शेतकरी बंधूंनो, ऐन रब्बीत गव्हाचा दाणा भरत असताना डी.पी. जळाली, की उभं पीक डोळ्यांदेखत वाळतं. म्हणून रोहित्राची ताकद आधीच ओळखा. हिशेब सोपा आहे.

रोहित्राच्या पाटीवर के.व्ही.ए.चा आकडा असतो. पाटी खालूनच वाचा, डी.पी.ला हात लावू नका. त्या आकड्याला १००० ने गुणा आणि ७५० ने भागा. (४३३ व्होल्ट गुणिले १.७३२ म्हणजे ७५०.) १०० के.व्ही.ए.चं रोहित्र दर फेजला १३३ अँपिअर देतं, ६३ चं ८४.

५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारे ८ अँपिअर घेते. म्हणजे १०० च्या रोहित्रावर १६, ६३ च्या रोहित्रावर १० मोटारी झाल्या, की ताकद संपली. आकडा टाकून चालवलेली मोटारही यात धरा; रोहित्राला ती वेगळी कळत नाही.

शिवाय सुरू होताना मोटार पाच-सहापट करंट ओढते. वीज येताच ऑटोस्विचवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुटल्या, तर रोहित्राला मोठा झटका बसतो. तेव्हा ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, आणि एका डी.पी.वरच्या सगळ्यांनी मिळून पाळ्या लावून घ्या.