‘शेजाऱ्यांची विहीर’ दोनदा का मोजली जाते? सर्व्हेआधी कीबोर्ड तपासा

समजा, तुम्ही अंबड आणि घनसावंगी तालुक्यातल्या मोसंबी उत्पादकांचा सर्व्हे करताय. ‘पाण्याचा स्रोत’ या रकान्यात उत्तरं आहेत: स्वतःची विहीर, बोअर, शेजाऱ्यांची विहीर. निम्मे फॉर्म तुम्ही भरले, निम्मे मैत्रिणीने. पायथनमध्ये गट पाडले, तर ‘शेजाऱ्यांची विहीर’ दोन वेळा येते. स्क्रीनवर दोन्ही नोंदी डिट्टो सारख्या. पण कॉम्प्युटरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि तुमची टक्केवारी गेली कामातून.

असं होतं कारण मराठीतला हा अर्धा ‘र’ दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. एक्सेलमध्ये ‘लेन’ सूत्र लावून बघा: ‘शेतकऱ्यांचे’ची लांबी पहिल्या पद्धतीत ११ येते, दुसऱ्या पद्धतीत १२. दोन्ही नाही जमलं की लोक ‘शेतकर्यांचे’ असं रफार देऊन मोकळे होतात. ते मात्र सरळ चूक. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. भूगोलवाल्यांनी तर हे विसरूच नये.

‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली (आवृत्ती ५.१) आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम चालायचं, आणि अजूनही कितीतरी जण तसंच करतात. दिसायला एकच, आत दोन वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवून हे दोन्ही घोळ मिटत नाहीत, कारण प्रमाणात या जोड्या समतुल्य धरलेल्याच नाहीत. बदली स्वतः करावी लागते.

आता कीबोर्डकडे. जुना जालन्यात गांधी चमनच्या बाजूला काय किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी काय, टायपिंगला कागद दिले की आधी विचारतात, ‘फॉन्ट कोणता पाहिजे?’ तुम्ही त्याऐवजी विचारा: युनिकोडमध्ये देणार का? कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ हा आतून इंग्रजी ‘डी’ असतो, त्याला फक्त ‘क’चं चित्र चिकटवलेलं असतं. फॉन्ट काढला की मराठी गायब. यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती शोधगंगावर जाते. अशा फॉन्टमधला प्रबंध तिथे वाचता येतो, पण आतला मराठी शब्द टाकून शोधला तर हाती काही लागत नाही. पाच वर्षांचं काम असं पुरलं जावं, हे मला तरी पटत नाही.

इथे एक गल्लत नेहमी होते. कीबोर्डची मांडणी वेगळी आणि अक्षर साठवण्याची पद्धत वेगळी. सरकारी टायपिंग परीक्षेमुळे तुमची बोटं रेमिंग्टनवर बसली असतील तर ती मांडणी ठेवूनही युनिकोडमध्ये लिहिता येतं. नव्याने शिकणार असाल तर मी इनस्क्रिप्टच सांगेन. १९८६ मध्ये प्रमाणित झालेली ही मांडणी सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना जवळपास सारखीच आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. गंमत म्हणजे कोरियन लोकांची प्रमाण ‘दुबलसिक’ मांडणी बरोबर उलटी, व्यंजनं डावीकडे आणि स्वर उजवीकडे. शिवाय तिथे ह, अ, न अशी तीन बटणं दाबली की ‘हान’ हे एकच तयार अक्षर साठवलं जातं. अशी ११,१७२ अक्षरं युनिकोडमध्ये आहेत. आपल्याकडे जोडाक्षर तयार साठवत नाहीत, तुकडे ओळीने साठवतात आणि चित्र फॉन्ट जुळवतो. म्हणूनच कोणता तुकडा टाकला याला इतकं महत्त्व.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन असं जा आणि मराठी जोडा. तिच्या शेजारच्या तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स उघडलं की कीबोर्ड निवडता येतो. ‘मराठी’ म्हणजे इनस्क्रिप्ट, ‘मराठी फोनेटिक’ म्हणजे इंग्रजी स्पेलिंगवरून लिहायचं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते, उबुंटूतही तेच. इनस्क्रिप्टवर ‘ऱ्य’साठी क्रम असा: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. दहा वेळा करा, बोटं आपोआप जातात.

टीममध्ये दोघं-तिघं असाल तर सगळ्यांचा कीबोर्ड एकच ठेवा, आणि मोबाईलवरून फॉर्म भरून घेणार असाल तर उत्तरं टाईप करायला देऊच नका, पर्याय निवडायला द्या. हे पहिल्या फॉर्मआधी ठरवा. डेटा आधीच गोळा झाला असेल तर मूळ फाईलची प्रत बाजूला काढा आणि दुसऱ्या प्रतीत ‘र’, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त टाका, मग पुन्हा गट पाडून बघा.