भिंत लाकडाची, भानगड स्क्रूची

टेरेसची भिंत असो, बंगल्याचा दर्शनी भाग असो किंवा अलिबागचं वीकेंड होम, बाहेरून लाकडी क्लॅडिंग करायचं फॅड सध्या जोरात आहे. दिसतंही एकदम कूल. त्यासाठी आपण महिनाभर डोकं खपवतो. सागवान घ्यायचं की थर्मो पाइन? शेड हनी की वॉलनट? फिनिश मॅट की ग्लॉसी? आणि स्क्रू? ‘ते काय, सुतार आणेल की!’

इथेच गेम होतो, बॉस.

माझी एक मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही आयटीतले. ईएमआय भरत भरत अलिबागजवळ छोटंसं घर बांधलं, पुढच्या भिंतीला सागवानी पट्ट्या लावल्या. पहिला पावसाळा संपला तेव्हा प्रत्येक स्क्रूखाली काळा ओघळ. काजळ लावून रडल्यासारखी भिंत! दोघांनी आधी पॉलिशवाल्याला झापलं, मग लाकूडवाल्याला. बिचारे दोघंही निर्दोष. काँट्रॅक्टरने फॉल्स सीलिंगला वापरतात ते काळे ड्रायवॉल स्क्रू ठोकून दिले होते. दुरुस्ती म्हणजे पुन्हा परांची, पुन्हा मजुरी, आणि काढताना फाटलेल्या पट्ट्यांचा खर्च वेगळा.

फंडा सोपा आहे. सागवान, ओक, सीडर यांसारख्या लाकडात टॅनिन असतं. लोखंड आणि पाणी भेटलं की त्याची काळी शाई होते. अक्षरशः शाई! युरोपात कित्येक शतकं दौतीत हीच केमिस्ट्री होती. झिंकचं पातळ चकचकीत प्लेटिंगही फार काळ तग धरत नाही. जाड थराचं हॉट डिप गॅल्व्हनाइझिंग त्यापेक्षा बरं, पण टॅनिनवाल्या लाकडावर तेही डाग सोडू शकतं. तांबंयुक्त प्रिझर्व्हेटिव्ह मुरवलेलं पाइन घेतलं असेल तर ते साध्या लोखंडाला आणि झिंकला खातंच. थर्मो पाइन आम्लधर्मी, त्यामुळे तिथेही तीच गत.

थोडक्यात, स्टेनलेस स्टील. पण कुठलं? पुण्या-नाशकात ३०४ ग्रेड छान चालतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात मात्र त्यावरही तपकिरी डाग येतात. इंग्रजीत त्याला ‘टी स्टेनिंग’ असं चहाबाज नावच आहे. म्हणून अलिबाग, गोवा किंवा बांद्र्याच्या सी-फेसिंग बाल्कनीसाठी ३१६. यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला दाद देत नाही. इम्पोर्टेड खोक्यावर ३०४ला ए-२ आणि ३१६ला ए-४ लिहिलेलं दिसेल.

महाग पडतं? जरा हिशेब करू. पट्टी १२० मिलिमीटर रुंद, मागचे बॅटन ४०० मिलिमीटरवर, प्रत्येक ठिकाणी दोन स्क्रू. म्हणजे चौरस मीटरला साधारण ४२. दोनशे चौरस फुटांच्या भिंतीला आठशेच्या आसपास. सुताराला प्रत्येक स्क्रूमागे जास्तीचे किती पडतात ते विचारा, आठशेने गुणा आणि लाकडाच्या बिलाशेजारी ठेवून बघा. मग ठरवा.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, अस्सल एसएस’ म्हणेल. विश्वास ठेवू नका. स्वस्तातलं २०२सुद्धा जवळपास चिकटत नाही, आणि अस्सल ३०४चा स्क्रू घडवताना दाबला गेल्यामुळे थोडासा चिकटू शकतो. चुंबक कचकन चिकटलं तर मात्र तो साधा स्टील किंवा ४१० ग्रेडचा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू, बाहेरच्या लाकडाला बाद. ३०४ आणि ३१६ ओळखायला मॉलिब्डेनम टेस्टचं लिक्विड मिळतं. नाहीच मिळालं तर निदान बिलावर ग्रेड लिहून घ्या.

पट्ट्या छुप्या क्लिपवर बसवणार असाल तर अजून एक लोचा. स्टेनलेसची मस्त क्लिप आणि तिला धरायला साधा झिंकचा स्क्रू, हे कॉम्बिनेशन नको. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या लाकडी जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला. दोन वर्षांनी बघतात तर ज्या लोखंडी खिळ्यांना तांबं भिडलं होतं ते गंजून गेलेले. मध्ये पॅकिंगचा कागद राहिला होता तिथले मात्र शाबूत! ओलाव्यात दोन धातू भिडले की कमजोर धातू झिजतो, आणि तो आकाराने छोटा असेल तर फारच लवकर.

लांबीला सोपा नियम: पट्टीच्या जाडीच्या अडीचपट. वीस मिलिमीटरच्या पट्टीला पन्नासचा स्क्रू. स्टेनलेस स्क्रू तसा नरम असतो, ड्रिलने जोर लावला की मुंडी तुटते, म्हणून आधी भोक पाडायला लावा. पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं हवं, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला हलायला जागा नको का? सुतार कंटाळा करेल. करू दे.

आणि काम चालू असताना ग्रिलवाल्याला शेजारी ग्राइंडर चालवू देऊ नका. लोखंडाचा कीस ओल्या लाकडावर बसला की स्क्रू ३१६चे असूनही काळे ठिपके उमटतात. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणाने निघतात. ग्लोव्ह्ज, गॉगल घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. खालचा स्क्रूच गंजत असेल तर मात्र आधी तो बदला. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तोच ओघळ.