मोटारसायकल घ्या, पण आधी हिशेब मांडा

सकाळी सातला तुळजापूरच्या बसस्थानकावर उभे राहून पाहावे. कुणी धाराशिवला कचेरीत, कुणी सोलापूरला कामावर निघालेला असतो. एस.टी. चुकली की मजुरी बुडाली. नवरात्रात तर पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी शेजारून एखादी शंभर सी.सी.ची गाडी निघून जाते आणि मनात येते, आपणही एक घ्यावी.

वाचक बंधू-भगिनींनो, घ्यावी की नाही, हे दोन्ही बाजू पाहून ठरवू.

आधी फायदे. १९८५ साली हिरो होंडाची सी.डी. १०० आली. तेव्हापासून कमी पेट्रोल पिणाऱ्या चार स्ट्रोकच्या गाड्या खेड्यापाड्यांत रुजल्या. आजही अशी गाडी नीट राखली तर लिटरमागे साठ किलोमीटरच्या आसपास पळते. सुटे भाग स्वस्त, मेकॅनिक जवळपास मिळतो. रात्री लेकराला ताप भरला तर दवाखाना गाठता येतो, आणि मुलीला परीक्षेला वेळेवर पोचवता येते.

आता खर्च. धाराशिवला जाऊन-येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर, म्हणजे रोज पाऊण लिटर पेट्रोल. लिटरला शंभराच्या वर भाव, म्हणजे पंचवीस दिवसांचे जवळपास दोन हजार रुपये. ऑइल, टायर, चेन वेगळे. उलट १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. घरची बाई एकटीच कामाला जात असेल, तर तिला एस.टी.च परवडते.

खरी फसगत होते ती हप्त्यात. "फक्त बारा टक्के" असे सांगतात. सत्तर हजार कर्ज, मुदत तीन वर्षे. व्याज शेवटपर्यंत पूर्ण सत्तर हजारांवरच लावले, तर ते २५,२०० रुपये होते. फिटत जाणाऱ्या रकमेवर लावले, तर १४,००० च्या आतच. म्हणजे पहिल्या प्रकारात खरा दर एकवीस टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून सही करण्यापूर्वी एकच विचारा : व्याज उरलेल्या रकमेवर की मूळ रकमेवर? उत्तर लेखी घ्या.

हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही कायद्याने बंधनकारक आहे. ते गाडीच्या किमतीतच धरा. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या पोराच्या हाती किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. नवरीच्या बापाकडून गाडी मागणे म्हणजे हुंडाच. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

तेव्हा गाडी घ्या ती स्वतःच्या कमाईची, हिशेबात बसणारी. आणि घरी आली की लेकीलाही शिकवा, लायसन्स काढून द्या. गाडी घरातल्या सगळ्यांची असली, तरच तिचा हप्ता सार्थकी लागतो.